सोपान ठोंबरेनं धरलेली जागा

सोपान ठोंबरेनं मला फसवलं आणि कंपनीनं सोपानला फसवलं. मी कुणालाही फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझाच गोंधळ होतो. "शेठ, नेमकं झालं काय?" असं कुणी विचारलं की मी तावातावानं सुरुवात करतो आणि मध्येच अडकतो. ज्यानं आपल्याला बुडवलं त्याचं नाव घेताना आवाज चढायला पाहिजे. सोपानचं नाव घेताना तो चढतो, पण टिकत नाही. याचाही मला राग येतो.

सोपान मूळचा निमोण्याचा. घराणं मेंढरांचं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, उतारवयात कळप मोडला, विहीर पाडली आणि ते शेतकरी झाले. सोपान शिकला मात्र दौंडला, मामाकडं. मामा रेल्वेत होता. तिथंच त्याला कॉम्प्युटरचा नाद लागला आणि पुढं त्यानं स्टेशनजवळच्या एका गाळ्यात क्लास काढला. बाहेर बोर्ड इंग्रजीत, आत फळा, चार मशीन आणि दारात चपलांचा ढीग. चपला बाहेर काढल्याशिवाय तो कुणाला आत येऊ देत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बूट घालूनच आत शिरलो. त्यानं माझ्या तोंडाकडं न बघता बुटांकडं बघितलं आणि ते निघेपर्यंत बघतच राहिला.

अंगानं उंच, खांदे पुढं झुकलेले. चालताना अधूनमधून मागं वळून बघायची सवय, जणू काही तरी मागं राहायला नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चौघडी केलेली घोंगडी टाकून बसायचा, भर मे महिन्यातसुद्धा. टायपिंग दोन बोटांनी. त्याची पोरं दहा बोटांनी टाईप करायची आणि हा मास्तर दोन बोटांनी, तरी त्याचं काम आधी व्हायचं. फोनची लाईन लागायला त्या काळी वेळ लागे. मोडेम किरकिर करत बसायचा. तेवढ्या वेळात हा जीभ टाळूला लावून टॉक टॉक आवाज काढायचा आणि हळूच म्हणायचा, "चल, चल, पुढं हो." लाईन तुटली तर चिडायचा नाही. "बिथरली," एवढंच म्हणायचा आणि पुन्हा लावायचा.

मी तसा नाही. मी चिडतो. शिरूरमध्ये एका पत्र्याच्या शेडात गॅसच्या नळकांड्यावर मी धंदा उभा केला. आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मग खिडक्यांच्या जाळ्या, आणि एमआयडीसी आली तशी एका मोठ्या कंपनीला लोखंडी ब्रॅकेट द्यायला लागलो. पत्र्याचा दर पाडून घेतला, वेल्डिंग रॉडचा पाडून घेतला, शेडचं भाडं मालकाच्या दारात बसून पाडून घेतलं. माझ्याशी सौदा करून खुशीत घरी गेलेला माणूस शिरूर तालुक्यात दाखवा.

मग कंपनीनं नियम काढला. माल घेऊन गाडी निघायच्या आधी कंपनीच्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर त्या गाडीच्या नावाची फाईल तयार झालेली पाहिजे. आत गाडीचा नंबर, मालाचा नंबर, नग किती. ज्याची फाईल आधी, त्याची गाडी गेटमधून आधी आत. फाईल नाही, तर गाडी उन्हात उभी. पहिल्या आठवड्यात माझी गाडी दुपारपर्यंत गेटवर तापत राहिली. ड्रायव्हर कलिंगड खात सावलीला बसला होता आणि माझ्यानंतर आलेले सगळे माल उतरवून परत निघाले होते. पुण्याचा कॉम्प्युटर मी डोळ्यानं बघितलेला नव्हता. तिथं शिरूरहून फाईल कशी तयार करायची, हे मला कुणी सांगेना. कुणी तरी म्हणालं, दौंडला एक ठोंबरे आहे.

सौदा असा झाला.

"काय घेणार?" मी विचारलं.

"ज्वारी."

मला वाटलं चेष्टा करतोय. "धंद्याचं बोला, सर."

"धंद्याचंच बोलतोय. तुमचं रान वडगाव रासाईला हाय. नदीकाठचं. खळं झालं की आमच्या आईला निमोण्याला ज्वारी पोचती करायची. वर्षाची."

"पैसे का नको?"

"पैशाचा भाव तुम्ही पाडाल, शेठ. ज्वारीचा पाडला तर सोताच्याच रानाचा पडतोय."

ज्वारीचा भाव कसा पाडायचा? मी म्हणालो, पोतं एक. तो म्हणाला, आईला विचारा. मी म्हणालो, आईला कशाला मध्ये आणता? तो म्हणाला, खाणार ती हाय. असं घोळत घोळत मी शेवटी दोन पोत्यांना हो म्हणालो आणि वर चहाही मीच पाजला. परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापर्यंत गाडी चालवताना मी विचार करत होतो, की यात माझं नुकसान झालं का फायदा. ते अजून कळलेलं नाही.

त्याची ही रीत कुठून आली ते मला नंतर लक्षात आलं. माझ्या लहानपणी आमच्या वडगावच्या रानात मेंढरं बसवायचे. कळप रात्री आपल्या वावरात बसला की जमिनीला खत मिळतं, आणि त्याबद्दल मेंढरंवाल्यांना धान्य द्यायचं. मेंढरं त्यांची, रान आपलं. सोपान फायलींच्या बाबतीत हेच बोलायचा. तो कधी "फाईल पाठवली" म्हणाला नाही. "फाईल बसवली" म्हणायचा. "शेठ, पुण्याला बसवली." मी विचारायचो, पोचली का? तो म्हणायचा, "बसली म्हणतोय नव्हं!"

एकदा मी हट्टच धरला, की माझी फाईल शिरूरहून निघून जाते कुठून, ते दाखव. त्यानं खडू घेतला. एका टोकाला चौकोन काढला, "हे शिरूर, तुमचं हापीस." दुसऱ्या टोकाला चौकोन, "ही कंपनी." मध्ये वेडावाकडा, फुगीर गोळा काढला.

"हे काय?"

"ढग."

"ढग कशाला?"

"इंजिनेर लोक असाच काढत्यात. मधी काय हाय त्ये कुणाला दाखवायचं नसलं की ढग काढायचा."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"मला म्हाईत हाय. पर फळ्यावर मावत न्हाई."

पोरं हसली. मी म्हणालो, "अरे, आमच्या शिरूरवरचे ढग न बरसता पुढं जातात. त्यात माझा माल घालतोस?" पोरं आणखी हसली. सोपान हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "माल न्हाई घातला, शेठ. मालाचं नाव घातलंय. माल तुमच्या शेडातच हाय." आणि त्या ढगात त्यानं एक ठिपका काढला. "ही अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटरवरची जागा. भाड्यानं घेतलीय, माझ्या नावावर. आपला प्रोग्राम हितं बसलाय. शिरूरची लाईट गेली, दौंडचा फोन गेला, तरी ह्यो चालूच. हितून त्योच पुण्याला फाईल तयार करतोय."

"म्हणजे फाईल शिरूरला आहे, अमेरिकेत आहे, का पुण्याला?"

"व्हय."

"व्हय काय? कुठं आहे?"

"समदीकडं हाय."

"किती ठिकाणी?"

त्यानं खडू ठेवला, हात झटकले. "आमच्यात मोजून सांगत न्हाईत," म्हणाला. त्यांच्यात बाहेरच्या माणसाला मेंढरांचा आकडा सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. कॉम्प्युटरच्या फायलींना कुणाची दृष्ट लागणार होती? पण तो मेला तरी आकडा सांगणार नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी तिथून निघालो तो डोकं जड होऊनच. आलो होतो एक प्रश्न घेऊन, निघालो तीन घेऊन.

काम मात्र चोख होतं. माझा कारकून सकाळी नग मोजून दौंडला फोन करायचा, सोपान दोन बोटांनी आकडे भरायचा, फाईल पुण्याला तयार. तरी माझी गाडी तिसरी-चौथी लागे. मी त्याला म्हणालो, "सोपानराव, मला पहिलं लागायचंय." तो म्हणाला, बघतो. मी पुन्हा म्हणालो. रोज म्हणत होतो. आणि एके दिवशी माझी गाडी पहिली लागली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. गेटवरचा वॉचमन मिलिटरीतून आलेला, त्याला सगळे हवालदार म्हणायचे. तो बॅरिअर वर करताना म्हणायचा, "शेठ, रात्री गेटवरच झोपता का?" बाकीचे सप्लायर माझ्याकडं असे बघायचे, की मला जेवण गोड लागायला लागलं.

काय केलंस म्हणून मी विचारलं, तेव्हा सोपान म्हणाला, "रान धरलं."

कळप चालत असतो तेव्हा एक माणूस एक दिवस पुढं जातो. पुढच्या गावात वावर बघतो, मालकाशी बोलतो, शब्द घेतो. मेंढरं अजून मागं, दुसऱ्याच गावात असतात, पण वावर धरलेलं असतं. मग तिथं दुसरा कुणी कळप बसवत नाही. मेंढरंवाल्यांना आणि शेतकऱ्यांना हे माहीत असतं, सांगावं लागत नाही. सोपानच्या प्रोग्रामनं तेच सुरू केलं होतं. दिवस बदलला की लगेच तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावाची एक फाईल तयार करायचा. कोरी. आत एक अक्षर नाही. नंतर माल तयार झाला की सोपान त्या कोऱ्या फायलीत आकडे भरायचा. फाईल सगळ्यांच्या आधी तयार झालेली, म्हणून गाडी सगळ्यांच्या आधी आत.

मी म्हणालो, "वा रे पठ्ठ्या!" त्या वर्षी पोत्यांच्या जोडीला भुईमुगाच्या शेंगाही निमोण्याला पोचत्या केल्या. आता ऐकणारे मला सांगतात, की शेठ, तुम्हाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. काय कळायला पाहिजे होतं? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल म्हणजे माणूस, असं कोणता कंडक्टर समजतो?

मग आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळी शेडं बंद. मी वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला, इंजिनिअरच्या घरी गेलो, त्याच्या बायकोपुढंही ओरडलो. ट्रान्सफॉर्मर काही आला नाही. वेल्डिंग बंद, प्रेस बंद, ब्रॅकेट एक नाही. मी कंपनीला फोन लावत होतो तर आमची फोनची लाईनही त्याच दिवशी मेली. मला वाटलं, फाईल नाही गेली म्हणजे कंपनीला आपोआप समजेल, की आज माल नाही.

पण फाईल गेली होती. शिरूरला लाईट नव्हती, अमेरिकेत होती. प्रोग्रामनं नेहमीप्रमाणं कोरी फाईल तयार केली. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही दिवशी. आणि कंपनीच्या कॉम्प्युटरनं काय समजावं? फाईल आहे, आकडा नाही, तर नेहमीचाच आकडा असणार. त्यानं आत सांगून टाकलं, की ब्रॅकेट येतायत. ब्रॅकेटच्या भरवशावर त्यांनी कारखान्यातली जोडणीची लाईन चालू केली, आणि निम्म्यावर लाईन उभी राहिली. एवढी मोठी कंपनी, माझ्या एका ब्रॅकेटसाठी हात बांधून उभी. एरवी मला याचा अभिमान वाटला असता.

बोलावणं आलं. माझा व्हेंडर नंबर का रद्द करू नये, ते समक्ष येऊन सांगा. व्हेंडर नंबर म्हणजे त्या कंपनीच्या दारातलं माझं नाव. त्या नंबरावर मला बँक ओळखायची, पत्र्याचा व्यापारी उधार द्यायचा, माझ्याकडची पोरं कामाला टिकायची. तो गेला तर मी पुन्हा जाळ्या आणि ट्रॉल्या.

मी सोपानला जीपमध्ये घातलं. वाटेत त्याला पढवलं.

"साहेबानं विचारलं तर सांगायचं, कॉम्प्युटर बिघडला."

"कॉम्प्युटर बिघडला न्हाई, शेठ."

"मला माहीत आहे. पण सांगायचं."

"आवं पर प्रोग्राम बराबर चाललाय. तिनी दिस येळेवर फाईल केली त्यानं. लाईट नसताना!"

"त्याचीच बोंब झालीय ना, बाबा!"

"बोंब त्यांच्या कॉम्प्युटरची हाय. कोरी फाईल म्हंजी माल न्हाई, हे शेंबड्या पोराला कळंल."

"सोपान, माझ्या पोटाचा प्रश्न आहे. एक वाक्य बोल. बिघडला. एवढंच."

तो खिडकीबाहेर बघत बसला. न्हावऱ्याचा फाटा मागं पडल्यावर म्हणाला, "बरं." मी त्या "बरं"वर विसंबलो. फसवलं म्हणतो ते इथं.

मॅनेजरसाहेब पुण्याचे, स्वच्छ शर्टाचे, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्या माणसाशी मला सौदा जमत नाही. शेजारी त्यांचे दोन कॉम्प्युटरवाले बसलेले. साहेब म्हणाले, "मिस्टर ठोंबरे, ही एम्प्टी फाईल चुकून क्रिएट झाली का? सिस्टीम एरर होता का?"

बघा, साहेबांनी स्वतःच उत्तर हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची होती.

सोपान उभा राहिला. "चुकून न्हाई, साहेब. मी केली."

मी टेबलाखालून त्याच्या पायाला लाथ मारली. त्यानं पाय बाजूला घेतला.

"म्हणजे? माल नसताना तुम्ही मुद्दाम फाईल तयार करत होता?"

"माल असताना बी आन् नसताना बी. रोज करतो. जागा धराय."

आणि मग तो भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडं गेला. चौकोन काढले. ढग काढला, ढगात ठिपका काढला. एक मशीन बंद असलं तर दुसरं कसं बघतं, फाईल आधी नाव बदलून कशी ठेवायची, अर्धवट फाईल कुणी वाचू नये म्हणून काय करायचं, सगळं. माझ्यापुढं फळ्यावर मावत नाही म्हणाला होता. साहेबांपुढं मावलं. किती ठिकाणी ते मी विचारलं तर दृष्ट लागते, त्यांना मात्र आकडा सांगितला! त्याचा चेहरा असा फुलला होता, की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ते दोघे कॉम्प्युटरवाले आधी रेलून बसले होते, ते पुढं सरकले. मग लिहून घ्यायला लागले. एकानं विचारलं, "सर, हे परत एकदा सांगाल?" सर म्हणाला तो त्याला. त्या खोलीत सोपान सर झाला आणि मी चोर झालो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून तितक्याच हळू म्हणाले, "तुमच्या माणसानंच कबूल केलं, आता मी काय करू?"

परतीच्या वाटेवर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सोपान ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही बिघडला म्हणा म्हणला. बिघडला आसता तर म्हणलो आसतो की." मी जीप थांबवली आणि त्याला न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरवलं. तो उतरला, दार नीट लावलं, आणि सवयीनं मागं वळून बघत चालायला लागला.

नंबर रद्द झाला. रद्द झाल्याचं तोंडीच सांगितलं, कागद आला नाही. कागद मागायला गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. मी पुन्हा ट्रॉल्यांवर आलो, कांद्याच्या चाळींचे सांगाडे केले, पोट भरलं. पोटाची तक्रार नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका सप्लायरनं मला कंपनीचं नवं फर्मान वाचून दाखवलं. यापुढे प्रत्येक सप्लायरनं दिवसाच्या सुरुवातीला कोरी फाईल तयार करून आपली जागा राखून ठेवावी. माल तयार झाल्यावर आकडा भरावा. कोऱ्या फायलीचा अर्थ माल नाही असा धरला जाईल. वर सुबक नाव दिलेलं, इंग्रजीत. सोपानचं नाव कुठं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी माझी मान कापली, तीच गोष्ट नियम झाली.

मी तडक निमोण्याला गेलो. सुट्टीचा दिवस होता, सोपान घरीच होता. त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी न पिताच सुरू झालो. "तुझं काम चोरलं त्यांनी! केस कर. मी साक्षीला येतो. वकील मी बघतो."

तो शेंगा फोडत होता. "मंग आता तरी त्यांच्या कॉम्प्युटरला कोरी म्हंजी काय त्ये कळायला लागलं का?"

"कळायला लागलं."

"मंग झालं की."

"झालं काय? तुझी पद्धत आहे ती!"

"रान धरायची पद्धत माझी व्हय? माझ्या आज्याची बी न्हाई. कवापासनं चालत आलीय."

"अरे, मग माझं काय?"

त्यानं फोडलेल्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. त्याची आई म्हणाली, "पानी तरी घ्या, शेठ. औंदाची ज्वारी तुमचीच खातोय आमी." मला वाटलं टोमणा आहे. तिच्या तोंडाकडं बघितलं तर नव्हता. मी पाणी प्यालो आणि बाहेर पडलो. सौदा बंद झाला तरी ज्वारी पोचती होत होती, कारण वडगावचं रान बघणाऱ्या माझ्या भावाला थांबव म्हणून सांगायचं माझ्याच्यानं झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते विचारू नका.

मग दोन-तीन वर्षांनी, त्या कंपनीच्या कँटीनला लोखंडी रॅक द्यायचं एक किरकोळ काम मिळालं म्हणून मी रॅक घेऊन गेटवर गेलो. हवालदार होताच, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणाला, "या शेठ. तुमचा नंबर तर रोज पहिला असतो."

"गरिबाची चेष्टा करता, हवालदार?"

"चेष्टा कशाला? या, बघा." त्यानं केबिनमधला स्क्रीन माझ्याकडं वळवला. त्या दिवशीच्या गाड्यांची नावं. सगळ्यात वर माझ्या फर्मचं नाव. पुढं रिकामं. "रोज येतं. गाडी येत नाही, म्हणून आम्ही खाली ढकलतो आणि दुसऱ्याला घेतो. साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कॉम्प्युटरवाल्यांना सांगा. कॉम्प्युटरवाले म्हणाले, सप्लायर रद्द असेल तर परचेस खात्यानं कळवायला पाहिजे."

मी त्या नावाकडं बघत उभा राहिलो. माझं नाव, माझं स्पेलिंग, शेवटी तीच जास्तीची अक्षरं, जी मी बोर्ड रंगवताना पेंटरकडून फुकट घालून घेतली होती. मी रद्द होतो आणि मी पहिला होतो.

रॅक तिथंच टाकून मी दौंड गाठलं. क्लासचं शटर बंद. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "ठोंबरे सर ना? बंगलोरला नोकरी लागली. आज चाललेत. गाडी लागली असेल बघा."

दौंडला गाड्या बराच वेळ उभ्या राहतात, म्हणून तो सापडला. खिडकीपाशी बसला होता, शेजारी बायको, समोर आई. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, बस.

"प्रोग्राम अजून चालू आहे?"

"व्हय."

"कंपनीनं पासवर्ड बदलला नाही?"

"न्हाई बदलला. कुणीच न्हाई बदलला."

"आणि अमेरिकेतलं भाडं?"

"मी भरतो की."

"कशाला?" मी ओरडलो. प्लॅटफॉर्मवरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. "कशाला भरतोस? नंबर गेला, धंदा गेला, तुझं काय आहे त्यात?"

त्यानं खिडकीच्या गजांवर दोन बोटं टेकवली. "धरलेलं रान आपण होऊन सोडायचं नसतं, शेठ. मालकानं उठ म्हणावं लागतं. त्यांनी आजून म्हणलं न्हाई."

"मला म्हणाले ना!"

"तुम्हाला म्हणले. फायलीला न्हाई म्हणले."

गाडीनं शिट्टी दिली. सोपान खिडकीतून वाकला. "बंद करू का? एका ओळीचं काम हाय. बंगलोरहून बी हुईल. तुम्ही म्हणा."

आयुष्यभर मी समोरच्याच्या तोंडातून आकडा निघायच्या आत माझा सांगितला. त्या दिवशी माझ्या तोंडातून काही निघेना. बंद कर म्हणालो तर मी स्वतःच स्वतःला रद्द केलं. चालू ठेव म्हणालो तर हा माणूस परमुलखात जाऊन माझ्या नावापायी भाडं भरणार. गाडी हलली. मी डब्याबरोबर चालायला लागलो. "आईला जप," असं काही तरी भलतंच बोलून गेलो. त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. त्यानं मान हलवली. ती हो होती की गाडीच्या धक्क्यानं हलली, ते मला सांगता येणार नाही. मग त्याचं कोपर तेवढं दिसत राहिलं, आणि पुलाकडच्या वळणावर तेही गेलं.

फाईल आजही तयार होते. हवालदार रिटायर झाला, पण त्याच्या जागी आलेल्या पोरालाही मी विचारून घेतलं आहे.

म्हणून आता सरळ विचारतो. सोपानला नाही, त्यानं त्याच्या बाजूनं काय ते सांगितलं. त्या कंपनीच्या मॅनेजरसाहेबांना विचारतो, किंवा त्यांच्या खुर्चीत आज जे कोणी बसले असतील त्यांना. मी रद्द असेन, तर माझ्या नावाला तुमच्या कॉम्प्युटरवर रोज पहिली जागा कोण देतं? आणि मी रद्द नसेन, तर माझी गाडी कुणी अडवली? जी पद्धत तुम्ही माझा गुन्हा म्हणून लावलीत आणि मग सगळ्यांना नियम म्हणून दिलीत, ती सोपान ठोंबरेची आहे हे तुम्ही कुठं लिहिलं आहे? मीटिंगमध्ये आहोत, हे उत्तर चालणार नाही. परचेसनं कॉम्प्युटरवाल्यांकडं आणि कॉम्प्युटरवाल्यांनी परचेसकडं बोट दाखवायचं नाही. एका माणसानं उत्तर द्यायचं. लेखी द्यायचं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं.